दोन पट्ट्यांच्या मधला सा

इमारतीत त्यांना सगळे नंबरताई म्हणतात. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसतात, म्हणून. जिन्यात कुणी डोळे बारीक करून किल्ली कुलपात घालताना दिसलं की ताई वरच्या पायरीवरूनच निदान करतात, "काका, पाव तरी वाढलाय हो. येऊन जा दुकानात." काकांना वाटतं, वजनाबद्दल बोलतायत. ते पोट आत ओढून घेतात आणि मग किल्ली आणखीच लागत नाही.

दुकानात ताईंचं दिवसभराचं वाक्य एकच. समोरच्याच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, "हे बरं की हे?" समोरचा सांगेल ते बरोबर. डोळा त्याचा, नजर त्याची, आपण कोण ठरवणार? इथवर ठीक होतं. पण इतकी वर्षं घोळल्यावर ते वाक्य दुकानाचं शटर पडल्यावरही ताईंच्या तोंडातून जाईना. पडद्याचं कापड असो, दारावरची घंटा असो, ताई दोन हातांत दोन गोष्टी घेऊन घरभर फिरायच्या, "हे बरं की हे?" नवरा मान वर न करता सांगायचा, "पहिलं." सासूबाई सांगायच्या, "दुसरं." मग ताई दोन्ही कपाटात ठेवून द्यायच्या. त्यांच्या घराला पडदे लागले ते मुलगी नोकरीला लागून पहिल्यांदा घरी आली तेव्हा. तिने कुणालाच विचारलं नाही.

नवऱ्याचं काम लिफ्टदुरुस्तीचं. दिवसभर साऱ्या जगाला वर पोचवायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी धापा टाकत जिना चढायचा, कारण या इमारतीत लिफ्ट नाही. हा विनोद त्याच्यावर सगळ्यांनी करून झालाय. तरी अजून कुणी केला की तो मनापासून हसतो. माणूस म्हणून सोन्यासारखा.

कुणाला न विचारता करावी अशी ताईंच्या आयुष्यात एकच गोष्ट होती. गाणं.

लग्नाआधीपासून त्या मोठ्या बाईंकडे शिकत होत्या. मोठ्या बाई वयाने मोठ्या, नावाने मोठ्या आणि चिडायलाही मोठ्याच. ताईंचं शिकणं मात्र हप्त्याहप्त्याने झालेलं. मुलगी झाली, थांबलं. पुन्हा सुरू झालं. सासरे अंथरुणाला खिळले, थांबलं. ते गेले, सुरू झालं. दर वेळी ताई खाली मान घालून दारात उभ्या राहायच्या आणि मोठ्या बाई म्हणायच्या, "आलात? बसा. गेल्या वेळी कुठे होतो?" जणू ताई मधे फक्त पाणी प्यायला उठल्या होत्या.

आणि आता, पन्नाशी उलटल्यावर, संगीत मंडळाने ताईंना बोलावलं. मंडळाचा रिवाज असा, की मध्यंतराआधी तासभर कुणी नवं गाणार आणि मध्यंतरानंतर कुणी नावाजलेलं. पत्रक छापून आलं. त्यावर ताईंच्या नावापुढे लिहिलेलं, 'नवोदित गायिका'. पत्रक जिन्यातल्या फळ्यावर लागलं आणि पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत खसखस पिकली. "केस पांढरे झाल्यावर ताई उगवल्या," असं कोण म्हणालं ते सांगणं बरं नव्हे.

ताईंना त्या हसण्याचं काही नव्हतं. त्यांना होतं ते मोठ्या बाईंच्या एका वाक्याचं. बातमी सांगायला गेल्या तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या रांगेत बसणार आहे मी. हल्ली जिने चढवत नाहीत, बाहेर पडणं होत नाही, पण त्या दिवशी येणार. इतकी वर्षं तुकड्यातुकड्यात ऐकलंय तुम्हाला. एकदा अख्खं ऐकू द्या."

आता या वाक्यानंतर माणसाला झोप कशी लागावी?

गायचा होता मारवा. या रागाची खोड अशी, की त्यात सा सहजासहजी घ्यायचा नसतो. बाकी राग गाताना माणूस फिरून फिरून सा वर येतो, घरी आल्यासारखा टेकतो. मारव्यात तसं नाही. घराच्या आजूबाजूने हिंडायचं, खिडकीतला दिवा बघायचा आणि आत जायचं ते अगदी क्वचित. म्हणून तो सा डोक्यात पक्का लागतो. घर कुठे आहे तेच विसरलात, तर हिंडणं कसलं? ती चुकामूक.

पत्रक आलं त्या दिवसापासून घरात संचारबंदी लागली. तळण बंद, कारण ठसका. फोडणी खिडकी उघडून, तीही ताई दुकानात असताना. ताईंच्या गळ्याला एक मऊ मफलर, तो उकाड्यातही. मोठ्याने हसायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. हाक मारायच्या ऐवजी त्या चमच्याने पेल्यावर वाजवायच्या. एकदा वाजलं तर नवरा, दोनदा वाजलं तर सासूबाई. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या दोनदाला येत नव्हत्या. शेवटी नवराच यायचा आणि मग त्यांना बोलवायला जायचा.

"सूनबाईचा घसा म्हणजे काय काचेचा आहे का?" सासूबाई कुजबुजायच्या. त्यांची कुजबुज खालच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येते.

सकाळचा रियाज स्वयंपाकघरात, दार लावून. बाहेरच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या, आतल्या खोलीत नवरा. पूर्वी ताईंकडे तानपुऱ्याचं छोटं यंत्र होतं. त्यावर सासूबाईंच्या हातून चहा सांडला आणि त्यातून तानपुऱ्याऐवजी उंदीर अडकल्यासारखा आवाज यायला लागला. दुरुस्तीला टाकू, टाकू म्हणत ते राहिलं. राहिलं याचं एक कारण असं, की त्याच्यावाचून काही अडेना. पहाटेच्या शांततेत स्वयंपाकघरात एक भरीव, संथ गुणगुण असायचीच. ओट्याशेजारचा तो जुना फ्रिज. ठेंगणा, पोटाला सुटलेला, सासऱ्यांच्या वेळचा. ताईंनी एक दिवस गंमत म्हणून त्याच्या आवाजात सा मिळवून बघितला. गळ्याला अगदी बेताचा बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. मग गंमत कधी संपली आणि सवय कधी लागली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

मोठ्या बाईंच्या हे लक्षात यायला हवं होतं ना? पण तिथे पेटीच नव्हती. मोठ्या बाईंचं पेटीशी हाडवैर. "पेटी म्हणजे कुबडी. धडधाकट माणसाच्या काखेत कशाला?" त्या शिष्येला आधी सा लावायला सांगायच्या आणि तिचा गळा जिथे बसेल तिथे तानपुऱ्याच्या तारा पिळून मिळवायच्या. तारेला काय, ती कुठेही मिळते.

पेटी मिळत नाही.

हे उघडकीला आलं ते तालमीच्या दिवशी, कार्यक्रम अगदी तोंडावर आल्यावर. मंडळाने साथीला पेटीमास्तर दिले होते. मास्तरांचं पोटापाण्याचं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं. किराणा दुकानातले, भंगारवाल्याचे, सोनाराचे, सगळ्यांचे काटे त्यांच्या टेबलावर येतात. त्यामुळे माणूसही तसाच झालेला. बोलणं मोजून, हसणं मोजून, चहात साखर तर चमचा डोळ्यांसमोर धरून.

बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरली. तबलजी एका कोपऱ्यात, मास्तर दुसऱ्या, सासूबाई मधोमध खुर्चीवर, कारण खोली त्यांची.

"सा द्या," मास्तर म्हणाले.

ताईंनी सा दिला. मास्तरांनी पेटीची एक पट्टी दाबली. कानात खडा गेल्यासारखं झालं. त्यांनी शेजारची काळी दाबली. खडा दुसऱ्या कानात गेला.

"पुन्हा द्या."

ताईंनी पुन्हा दिला. मास्तर पांढरी पाच दाबायचे, मान हलवायचे. काळी चार दाबायचे, मान हलवायचे.

"मास्तर, पेटी उतरलीय का हो तुमची?" ताईंनी अगदी हळू विचारलं.

"माझी?" मास्तरांचा हात भात्यावरच थांबला. "ताई, या पेटीवर मी माझे काटे तपासतो असं लोक म्हणतात. तुमचा सा पांढरीच्या वर आहे आणि काळीच्या खाली. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडलाय तो. तिथे माझं बोट जात नाही."

तबलजी खुदकन हसला. त्याला काय, चार हातोड्या मारल्या की तबला कुठेही लागतो.

"थोडं खाली या," मास्तर म्हणाले. ताई खाली आल्या, पांढरीला मिळाल्या. चार आवर्तनं झाली नाहीत तोच आवाज वर सरकायला लागला, मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखा. कधी वर आला कळलं नाही, पण आला. मग काळीवर चढून बघितलं. तिथून घसरल्या. वर बसवलं की खाली, खाली बसवलं की वर. ताईंच्या कपाळावर घाम आला. त्या उठल्या, कोमट पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे, एकट्या, सवयीने त्यांनी सा लावला. काय लागला! तिरीप आल्यासारखा लागला.

मास्तर ताडकन उठून आत गेले. ताईंकडे न बघता त्यांनी फ्रिजला कान लावला.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या घराण्याचे मूळ पुरुष इथे उभे आहेत."

फ्रिज एक आचका देऊन बंद पडला. त्यात बिचाऱ्याचा काही रोष नव्हता, त्याची वेळ झाली होती.

नवरा संध्याकाळी आला, त्याने सगळं ऐकलं आणि तो हसेल असं सगळ्यांना वाटलं. तो हसला नाही. पायातले बूट काढता काढता म्हणाला, "अगं, नुसता फ्रिज नाही ते. माझ्या लिफ्टची मोटर, कोपऱ्यावरचा विजेचा डबा, तुझ्या दुकानातली ती जुनी ट्यूबलाइट. सगळे त्याच सुरात गुणगुणतात. वीज एकच, तर गुणगुण एकच."

"म्हणजे मी जाईन तिथे तोच सा?"

"जिथे तारा गेल्यात तिथे."

पुढचे दिवस वाईट गेले. ताईंनी सुटका करून घ्यायचं ठरवलं. फ्रिज बंद. आतलं दूध, लोणी, कालची आमटी सगळं संपवायची जबाबदारी नवऱ्यावर पडली आणि त्याने ती तक्रार न करता पार पाडली. निम्मं सामान शेजारच्या फ्रिजमध्ये गेलं आणि तिथून सगळंच परत आलं नाही, त्याची चर्चा इथे नको. सकाळी मेन स्विचच खाली. त्या शांततेत मोबाइलवर पांढरी पाच लावून ताई बसायच्या. अर्धा तास बरा जायचा. मग आवाज सरकायचा. घरातली गुणगुण बंद केली तरी डोक्यातली कशी बंद करणार? आणि मारवा असा, की सा वर यायचंच नाही, बाहेर बाहेर हिंडायचं. दर वेळी परत यावं तर घर थोडं पुढे गेलेलं.

दुकानात तर आता त्यांना सगळंच ऐकू यायला लागलं होतं. ट्यूबलाइट, भिंगं घासायचं यंत्र, समोरच्या दुकानातली पाटी. इतकी वर्षं सगळे मिळून त्यांच्या कानात एकच गोष्ट सांगत होते आणि त्यांना वाटत होतं, शांतता आहे.

"नाव मागे घेते मी," एका दुपारी जेवताना त्या म्हणाल्या. "बाईंना काय सांगू? तुमच्याकडे शिकले आणि फ्रिजकडे घोटलं?"

"पांढरी घे की काळी घे, कुठली तरी एक घट्ट धर," नवरा म्हणाला.

"कुठली?"

"पांढरी."

"काळी धर," सासूबाई म्हणाल्या. त्यांना कशाबद्दल चाललंय ते ऐकू आलं नव्हतं, पण लेकाच्या विरुद्ध मत द्यायची सवय होती.

त्याच दुपारी दुकानात एक आजोबा आले. पाठीला ताठ, स्वभावाने तिखट. ताईंनी त्यांच्या नाकावर चौकट चढवली, एक भिंग घातलं. "हे बरं की हे?"

"पहिल्यात अक्षरं पुसट."

"आणि हे?"

"यात डोळ्यांना ताण येतो."

"मग पहिलं देऊ? सवय होईल."

"सवय मी का करून घेऊ?" आजोबा उखडले. "डोळा माझा जुना आहे, काच तुमची नवी आहे. तिने सवय करून घ्यावी. मधलं काही नाही का तुमच्याकडे?"

मधलं होतं की. पाव नंबरचं भिंग खणात असतंच. ताईंनी ते काढलं, फडक्याने पुसलं, चौकटीत बसवलं. आजोबांनी खालची बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवली आणि वर विचारलं, "हे आधी का नाही घातलंत?"

ताई खणाकडे बघत राहिल्या. तो खण त्या रोज उघडत होत्या. मधलं मागणाऱ्याला त्यांनी कधी वेड्यात काढलं नव्हतं. कुणाला म्हणाल्या नव्हत्या, की साहेब, तुमची नजर दोन काचांच्या फटीत पडलीय.

दुकान सुटल्यावर त्या घरी न जाता थेट मास्तरांच्या कामाच्या जागी गेल्या. छोटीशी खोली, भिंतीला टांगलेले तराजू, टेबलावर पितळी वजनांची उतरंड आणि मागे भिंग डोळ्याला लावून बसलेले मास्तर.

"मास्तर, मी पट्टी बदलणार नाही. माझा सा जिथे आहे तिथेच गाणार."

"फ्रिजचा सा," मास्तर भिंग न काढता म्हणाले.

"फ्रिजकडून आला असेल. आता राहतो माझ्याकडे."

"ताई, दोन रेघांच्या मधे थांबतो त्याला मी काटा म्हणत नाही. दुरुस्तीला घेतो."

"आणि तपासलात, आणि काटा बरोबर निघाला तर?"

मास्तरांनी भिंग काढलं. "तर वजनच तेवढं आहे म्हणायचं," ते नाइलाजाने म्हणाले. "पण पेटीचं काय करू मी? पट्ट्या काय सरकवता येतात?"

"मग पेटीशिवाय गाते. तानपुरा आहे, तबला आहे. मोठ्या बाईंना आवडेलच."

त्या नमस्कार करून निघाल्या. रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही, की हे सगळं त्या कुणालाही न विचारता बोलून आल्या होत्या. लक्षात आलं तेव्हा त्यांना रस्त्यातच इतकं हसू आलं, की घशाची काळजी विसरून त्या मोठ्याने हसल्या. एक सायकलवाला वळून बघता बघता खांबावर आदळता आदळता वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर घंटा. मास्तर उभे. काखेत चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं.

"पेटीशिवाय गाते म्हणालात," ते उंबऱ्यातूनच बोलले. "ते वाक्य काही माझ्या घशाखाली उतरेना. ही माझी पहिली पेटी. माळ्यावर पडली होती. फ्रिज लावा."

त्यांनी पेटी स्वयंपाकघरातल्या फरशीवर ठेवली आणि तिची पाठ उघडली. आत पितळेच्या पातळ जिभा ओळीने बसलेल्या. "ही जीभ टोकाला जराशी खरवडली की तिचा सूर वर चढतो. केसभर खरवडायचं. पण एकदा खरवडलं की परत भरता येत नाही."

"म्हणजे पेटी कायमची..."

"बिघडेल. हो. तुम्ही फ्रिज लावता की मी जाऊ?"

फ्रिज लावला. तो रिकामा असल्यामुळे जरा वेळ गुणगुणला आणि थंड होऊन गप्प बसला. मास्तर कानस हातात धरून वाट बघत बसले. फ्रिजला कोण घाई करणार? शेवटी नवऱ्याने अक्कल चालवली. त्याने मोठं पातेलं भरून पाणी उकळलं आणि ते वाफाळतं पातेलं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिज घाबरून सुरू झाला. पाणी निवलं की दुसरं पातेलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. जन्मभर त्यांनी या घरात एकच कायदा चालवला होता, गरम भांडं आत ठेवायचं नाही. "तुझ्या बापाने घेतलेला फ्रिज आहे तो!" त्या लेकावर कडाडल्या.

"बाबाच देतायत सा, आई. तू जरा बस ना."

हे मात्र त्यांना नीट ऐकू गेलं. त्या बसल्या.

दिवसभर स्वयंपाकघरात हेच. मास्तर फ्रिजशी मांडी घालून बसलेले, ताई शेजारी. मास्तर जीभ खरवडायचे, फुंकर मारायचे, वाजवायचे. ताई सा धरायच्या. "अजून?" "अजून." "आता?" "जरा कमी... नाही, थांबा. हाच." मास्तरांनी दर वेळी विचारलं आणि दर वेळी ताईंनीच ठरवलं. नवरा पातेली वाहत होता. स्वयंपाक झालाच नाही, सगळ्यांनी पाव आणि चहावर भागवलं. संध्याकाळपर्यंत मास्तरांची बोटं पितळेच्या भुशाने पिवळी झाली होती आणि पेटी जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पेटीशी जुळेनाशी झाली होती.

मग त्यांनी ती बंद केली, समोर ओढली आणि म्हणाले, "गा."

ताईंनी सा लावला. पेटी त्याच्या खाली अशी येऊन बसली, जशी पायाखाली जिन्याची ओळखीची पायरी येते. अंधारातही बघावं लागत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहात इमारतीतलं यच्चयावत माणूस हजर. चेष्टा करणारे सगळ्यात आधी, पुढच्या जागा धरून. मोठ्या बाई पहिल्या रांगेत, दोन्ही हात काठीवर. पेटी बघून त्यांनी भिवया अशा वर केल्या, की मास्तरांनी नमस्काराच्या निमित्ताने मान जी खाली घातली ती वर केलीच नाही.

मायक्रोफोन फार जवळ होता, मग फार लांब झाला. पहिला आलाप त्यांनी जरा घाईने घेतला, हे मोठ्या बाईंच्या काठीने जमिनीवर एक टकटक करून सांगितलं. ती टकटक ताईंच्या ओळखीची होती. इतक्या वर्षांत ती किती वेळा ऐकली होती! तिने भीती वाढायच्या ऐवजी कमीच झाली. जणू त्या मधे फक्त पाणी प्यायला उठल्या होत्या आणि आता परत बसायचं होतं.

त्या बसल्या. मारव्यात हिंडायला लागल्या. घरापासून लांब गेल्या, अगदी लांब, जिथून खिडकीतला दिवाही दिसत नाही. समोर ऐकणाऱ्यांचा श्वास अडकतोय हे त्यांना कळत होतं. पण मागे वळून बघायची गरज त्यांना वाटली नाही. घर हलणार नव्हतं. आणि फार फार वेळाने त्या सा वर आल्या, तेव्हा तो जिथे सोडला होता तिथेच होता. पेटी तिथेच होती, तानपुरा तिथेच होता. पुढच्या जागा धरून बसलेल्यांपैकी एक बाई डोळे पुसत होती. ती कोण, ते पुन्हा विचारू नये.

तास संपला. लोक उठून उभे राहिले. मोठ्या बाई उभ्या राहिल्या नाहीत, त्यांना जमत नाही. ताईच खाली उतरून त्यांच्यापाशी जाऊन बसल्या.

"घाई केलीत सुरुवातीला."

"हो बाई."

"पुढे नाही केलीत." बाईंनी ताईंचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. "अख्खं ऐकलं." मग मास्तरांकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि तुमची ती कुबडी. पहिल्यांदाच एखादी पेटी मधे आली नाही. कुठून आणलीत?"

"फ्रि..." मास्तरांनी सुरुवात केली. ताईंनी खोकला काढला. मास्तर म्हणाले, "घरचीच आहे."

मध्यंतरानंतरच्या नावाजलेल्या गायकाच्या साथीदाराच्या पेटीचा भाता नेमका फाटला. तो धावत मास्तरांकडे आला, पेटी द्या म्हणून. मास्तर नको नको म्हणत असताना त्याने ती ओढून घेतली, एक पट्टी दाबली, दुसरी दाबली आणि मेलेला उंदीर हातात आल्यासारखी परत ठेवली.

"बिघडलीय हो तुमची पेटी!"

"हो ना," मास्तर म्हणाले आणि मोजायचं विसरून हसले.

कार्यक्रम संपला, लोक पांगले. रस्त्यावर नवरा, ताई, सासूबाई आणि बोचकं काखेत घेतलेले मास्तर. मास्तर थांबले.

"ताई, ही पेटी आता जगात कुणाच्याच कामाची नाही. तुमच्याखेरीज. मी हिला घरी नेऊन करू काय? आणि तुम्ही आता गायचं थांबवलंत, तर आम्ही दोघंही भंगारात. तेव्हा मी दर बुधवारी येणार. संध्याकाळी. चालेल ना?"

नवऱ्याने तोंड उघडलं, सासूबाईंनीही उघडलं.

"बुधवारी नाही," ताई म्हणाल्या. "बुधवारी दुकान उशिरा सुटतं. गुरुवारी या. पेटी ठेवा आमच्याकडेच." आणि त्यांनी बोचकं मास्तरांच्या काखेतून काढून नवऱ्याच्या हातात दिलं. चार मजले चढवायचे होते.